काशीबाई काळ्या पाण्यावर गेली, शास्त्री कुठे गेला?

काळं पाणी म्हटलं की आपल्या भागात १८५८ चं बंड आठवतं. वीर बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव १८६० मध्ये बस्तरात पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही नावं आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत.

पण त्याच काळात हीच शिक्षा बायकांनाही होत होती. त्यातल्या एकीबद्दल आज लिहितोय.

तिचं नाव काशीबाई. पुण्यातली तरुण ब्राह्मण विधवा. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाक करायची. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय झाले, पण जमलं नाही. मूल जन्मलं तेव्हा तिने ते मारून विहिरीत टाकलं. पोलिसांना प्रेत सापडलं, खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. साल १८६३ च्या आसपासचं. आज अंदमान म्हटलं की जे सेल्युलर जेल डोळ्यांपुढे येतं, त्याची तेव्हा वीटही रचली नव्हती.

ही हकीकत आपल्याला कळते ती फुल्यांमुळे. १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या निवेदनात त्यांनी ती लिहिली. शास्त्र्याला काही शिक्षा झाल्याचं त्यात कुठेच येत नाही. काशीबाईचं नाव कागदावर राहिलं, शास्त्र्याचं राहिलं नाही.

फुले दांपत्य नुसतं हळहळत बसलं नाही. त्यांनी स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीत छापील पत्रकं लावली: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. १८८४ पर्यंत ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. पस्तीस! म्हणजे काशीबाई एकटी नव्हती. १८७४ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी अशाच एका विधवेचं मूल दत्तक घेतलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

तरी प्रश्न मिटला नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला त्याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात फाशीची जन्मठेप झाली, पुढे तीही कमी झाली. वर्तमानपत्रं मात्र समस्त बायकांच्या नीतीवर घसरली. तेव्हा उत्तर दिलं ते आपल्या विदर्भातल्या बाईने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: दोष दोघांचा, मग शिक्षा एकटीलाच का?

हा प्रश्न जुना झालाय का? शेजारच्या झरी-जामणीतल्या कुमारी मातांच्या बातम्या आपण कित्येक वर्षं वाचतोय. त्यांना फसवून निघून गेलेल्यांची नावं किती वेळा वाचली? कुठे झुडपात अर्भक सापडलं की मथळा ठरलेला: ‘निर्दयी माता’. निर्दयी बाप कधी छापून आलाय? गुन्हा गुन्हाच आहे, मूल मारण्याचं समर्थन कोणीच करणार नाही. पण एकटी बाई त्या विहिरीपर्यंत का पोचते, हे विचारणं म्हणजे समर्थन नव्हे.

आज फुल्यांच्या त्या पत्रकाचं काम कायदा करतो. मूल सांभाळणं शक्य नसेल तर आईला ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं. फेरविचाराला दोन महिने मिळतात. १०९८ वर फोन केला तरी मदत मिळते. पण ही माहिती टोल्यावर, पाड्यावर पोचली आहे का? फुल्यांनी पत्रकं वस्तीत नेऊन लावली होती. आपण निदान ग्रामपंचायतीच्या, आश्रमशाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद लावू शकतो.

तुमच्या गावात असा कागद कुठे लावलेला असेल, तर खाली गावाचं नाव लिहा. नसेल तर तेही लिहा.