जंतू सापडला तेव्हा औषध नव्हतं. आज औषध आहे, पण जंतू सापडत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय तापाचा आहे आणि ताप कुणाच्या घरी येत नाही? तेव्हा थोडा वेळ काढून शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारी १९११, न्यूयॉर्क. गुस्टाव माहलर हा त्या काळातला जगातला बडा संगीतकार. अंगात ताप असतानाच २१ फेब्रुवारीला त्याने कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंदाचं संचालन केलं. तो त्याचा शेवटचा कार्यक्रम ठरला. ताप काही हटेना. हृदयाच्या झडपेत दोष आहे, हे त्याला १९०७ मध्येच कळलं होतं. माऊंट सायनाय हॉस्पिटलच्या डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावलं गेलं. त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांनी माहलरच्या हातातून रक्त काढलं आणि जंतू वाढतात का ते पाहायला ठेवलं. काही दिवसांत स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू वाढलेले दिसले. निदान पक्कं झालं. हृदयाच्या झडपेला जंतूंची लागण झाली होती.

माहलरने आग्रह धरला की खरं काय ते मला सांगा. खरं एवढंच होतं की जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध जगात कुठेच नव्हतं. मग व्हिएन्नाला परत न्या, असं त्याने सांगितलं. बोटीने, पॅरिसमार्गे त्याला नेलं. १८ मे १९११ ला तो गेला. वय अवघं ५०.

या आजाराला डॉक्टर 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' म्हणतात. आपल्या हृदयाला चार झडपा असतात. रक्त एका दिशेनेच जावं म्हणून त्या दारासारख्या उघडझाप करतात. झडप आधीच खराब असेल तर तिथे जंतूंना बसायला जागा मिळते. ते तोंडातून, दातांच्या हिरड्यांतून, जखमेतून, कधी सलाईनच्या नळीतूनही रक्तात येतात. मग पन्हाळीत शेवाळ धरावं तसा झडपेवर जंतूंचा थर वाढतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. झडप फाटली तर धाप लागते, पायावर सूज येते.

पण सुरुवात मात्र अगदी साधी. बारीक ताप, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक नाही, वजन उतरतंय. माणूस म्हणतो, अशक्तपणा आहे.

इथेच खरी गोम आहे. १८८५ मध्ये विल्यम ऑस्लर या कॅनडाच्या डॉक्टरने लंडनमध्ये या आजारावर तीन व्याख्यानं दिली. आजार ओळखणं किती अवघड आहे, हे त्याने तपशिलात मांडलं. कधी तो हुबेहूब टायफॉईडसारखा दिसतो, कधी थंडीतापासारखा म्हणजे मलेरियासारखा. बोटांच्या पेरांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठींना आजही ऑस्लरचंच नाव आहे. नखांखाली काडी रुतल्यासारख्या लालसर रेघा, पापणीच्या आत बारीक लाल ठिपके, स्टेथोस्कोपने छातीत ऐकू येणारा वाहत्या पाण्यासारखा आवाज, या सगळ्या या आजाराच्या खुणा आहेत.

ऑस्लरच्या काळात हा आजार झालेला माणूस जवळपास हमखास दगावायचा. पुढे पेनिसिलीन आलं. पण दुसरं महायुद्ध चालू होतं, औषध मोजकं होतं. छोट्या डोसने गुण येत नाही असं दिसल्यावर अमेरिकेच्या सरकारी समितीने या आजारासाठी पेनिसिलीन द्यायचं नाही असं ठरवलं. ब्रुकलिनचे डॉ. लिओ लोवे ऐकेनात. त्यांनी फायझर कंपनीच्या जॉन स्मिथ यांच्याकडून औषध मिळवलं आणि मोठ्या डोसमध्ये, सतत शिरेतून दिलं. १९४४ मध्ये त्यांनी लागोपाठ सात रुग्ण बरे झाल्याचं प्रसिद्ध केलं. हमखास मृत्यू म्हणून सोडून दिलेला आजार पहिल्यांदा हटला. त्यातून धडा मिळाला तो डोसचा. दोन दिवसांच्या गोळ्यांनी हा जंतू मरत नाही. आजही साधारण चार ते सहा आठवडे, बहुतेक वेळ शिरेतूनच औषध द्यावं लागतं.

हे पेनिसिलीन आपल्या दारातही आलं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. पुढे शस्त्रक्रियाही आली. लागण झालेली झडप काढून नवी बसवता येते, हे १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं. १९९० मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतीय बनावटीची झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली.

म्हणजे औषध आहे, ऑपरेशन आहे, टू-डी इको आहे. तरीही आज या आजाराने दाखल झालेल्या साधारण पाचातला एक जण हॉस्पिटलमध्येच दगावतो. जंतू चिवट असतो, रुग्ण वयस्क असतात, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण आहे उशीर. आणि तो उशीर आपण आपल्या हाताने करतो.

कसा ते बघा. ताप आला की मेडिकलमधून गोळ्या. दोन दिवस बरं वाटतं, गोळ्या बंद, परत ताप. मग एक विडाल टेस्ट, 'टायफॉईड निघाला', सलाईन, इंजेक्शन. असे महिने जातात. झडपेवरचा जंतू त्या अर्धवट औषधाने मरत नाही, फक्त लपतो. शेवटी मोठ्या दवाखान्यात रक्त तपासतात तेव्हा कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. मग नेमकं कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं. १९११ साली हॉटेलच्या खोलीत पडलेल्या माणसाच्या रक्तात जे सापडलं, ते आज आपल्याकडे सापडत नाही. पुरावा आपणच पुसलेला असतो.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. तसं विकणंही कायद्याने गुन्हा आहे.

दोन, आठवडा-दहा दिवसांवर ताप गेला किंवा जाऊन परत आला, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायचं का?" रुग्ण गंभीर असेल तर ते रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात, त्यात वेळ जात नाही.

तीन, लहानपणी घसा सुजून सांधे दुखले होते, झडपेचा दोष आहे, झडप बदलली आहे, हे प्रत्येक डॉक्टरला सांगा, दातांच्या डॉक्टरलासुद्धा. आणि दात, हिरड्या सांभाळा.

चार, मुलांचा घसा वारंवार दुखत असेल तर अंगावर काढू नका. झडपा खराब होण्याची सुरुवात आपल्याकडे बऱ्याचदा तिथूनच होते. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता लोकप्रतिनिधींना एक प्रश्न. दवाखान्याच्या इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतात. त्या इमारतीत ब्लड कल्चरची बाटली असते का? तालुक्याला रक्त घेऊन जिल्ह्याच्या लॅबला वेळेत पोचवायची सोय आहे का? यासाठी नवी इमारत लागत नाही. बाटली, गाडी आणि शिकलेला माणूस एवढंच लागतं. पुढच्या सभेत कुणीतरी उठून हे विचारा.

माहलरकडे पैसा होता, नाव होतं, नामांकित डॉक्टर होते. नव्हतं ते फक्त औषध. आपल्याकडे औषध आहे. ते वेळेत आणि नेमकं मिळावं, एवढंच मागणं आहे.

घरात कुणाचा ताप लांबला असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.