पैनगंगेपलीकडे

दुसऱ्या महायुद्धांतील फ्रान्सचा इतिहास वाचीत असतां आम्हांस वारंवार पैनगंगेची आठवण होते. वाचकांस हें विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करितों. जून १९४० मध्यें फ्रान्स शरण गेला, तेव्हां त्या देशाचे दोन भाग पडले. उत्तरेचा व पश्चिम किनाऱ्याचा मुलूख नाझी सैन्याच्या ताब्यांत गेला, व दक्षिणेचा व्हिशी सरकारकडे राहिला. मधली सीमा कोठें नदीकांठानें, तर कोठें एखाद्याच्या शेतांतूनच गेली होती. व्हिशी सरकारही ज्यूंचा छळ करीतच होतें. तरी नोव्हेंबर १९४२ मध्यें जर्मनांनीं दक्षिणभागही व्यापीपर्यंत, जीव मुठींत धरून ती रेघ ओलांडणारांस पलीकडे क्षणभर श्वास घेतां येत असे.

अशीच एक रेघ १९४७-४८ सालीं आमच्या हिंगोलीच्या उत्तरेस होती. हिंगोली त्या वेळीं परभणी जिल्ह्यांतील एक तालुका. तिला जिल्ह्याचा मान मिळाला तो १ मे १९९९ रोजीं. अलीकडे निजामाचें राज्य, पलीकडे उमरखेड, पुसद, वाशीम हा वऱ्हाड प्रांत, आणि मध्यें पैनगंगा. आमच्या लहानपणीं घरांतील वडील माणसें 'आम्ही नदीपार गेलों' असें म्हणत, तेव्हां कोणती नदी, असें त्यांस कोणी विचारीत नसे.

हीं माणसें नदीपार गेलीं तीं रझाकारांच्या भयानें. रझाकार या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हातीं १९४६ सालीं इत्तेहाद-उल-मुसलमीन या संस्थेचीं सूत्रें आलीं, आणि तिचें हें दल बघतां बघतां सरकारी पोलिसांपेक्षांही बळावलें. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं निजाम व हिंदुस्थान सरकार यांच्यामध्यें जैसे-थे करार झाला. पण खेड्यांतील रयतेच्या वाट्यास त्यांतील शांतता आली नाहीं. आधींच लेव्हीच्या धान्यानें कणग्या रित्या केलेल्या. त्यांत करोडगिरीचे नाके, रात्रीच्या धाडी आणि आगी. बिदर जिल्ह्यांतील गोरटा गांवीं मे १९४८ मध्यें झालेली कत्तल सर्वश्रुत आहे. मारले गेलेले सर्व हिंदूच होते, असेंही नव्हे. विलीनीकरणाची बाजू उघडपणें मांडणारे 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा २२ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबादेंत खून झाला.

व्हिशी राज्यांत जानेवारी १९४३ मध्यें 'मिलीस' नांवाचें असेंच एक दल निघालें होतें. परक्या शिपायास गल्लीबोळ ठाऊक नसतात. या आपल्याच माणसांस कोणाच्या माळ्यावर कोण लपला आहे हेंही ठाऊक असे. येथवर तुलना चालते. पुढें ती ताणूं नये. नाझींनीं सुमारें ६० लक्ष ज्यू योजनापूर्वक मारले. त्या कृत्याचा शिक्का जो तो आपल्या शत्रूच्या कपाळीं मारूं लागला, तर इतिहासाचें काम संपलेंच म्हणावयाचें.

परंतु ही नदी सरहद्द झाली कशी, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं निजामाच्या खर्चानें 'हैदराबाद कॉन्टिन्जंट' नांवाची फौज पोसली जात असे. तिचा खर्च थकला, कर्ज वाढलें, आणि १८५३च्या तहानें निजामास वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. १९०२ सालीं तर वर्षाकांठीं २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत तो कायमच्या पट्ट्यानें गेला. या फौजेची एक प्रमुख छावणी होती खुद्द हिंगोलीस! म्हणजे ज्या छावणीच्या पगारापायीं पैनगंगेपलीकडचा मुलूख निजामाच्या हातून गेला, त्याच छावणीच्या गांवचीं माणसें सुमारें ९५ वर्षांनीं त्या मुलुखांत आसरा शोधीत गेलीं. स्टेट काँग्रेसचीं केंद्रेंही सरहद्दीवरच उभीं राहिलीं. उमरखेडचें केंद्र त्यांपैकींच. १८५३ सालीं तहावर सही करणारांच्या स्वप्नांतही हें आलें नसेल.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें व १७ तारखेस निजामानें हार मानली. नदीपार गेलेले लोक परतूं लागले. येथें आमच्याकडील पुष्कळ इतिहासलेखक पुस्तक मिटतात, तें आम्हांस पटत नाहीं. त्यानंतरच्या दिवसांत कित्येक गांवीं सूड उगवला गेला. तोही बहुधा अशा मुसलमान शेतकऱ्यांवर व विणकरांवर, कीं ज्यांचा रझाकारांशीं कांहींएक संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांस भारत सरकारनें चौकशीस पाठविलें. मृतांचा आंकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांच्या जोडीला आमचा शेजारचा नांदेड. हा अहवाल कित्येक दशकें दप्तरांतच पडून होता. त्या लोकांस ओलांडावयास कोणतीच नदी नव्हती. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आतां एकच राज्य होतें.

आमच्या घरांतील वृद्धांनीं नदीपारच्या हकीकती शेंकडों वेळां सांगितल्या. परत आल्यावर आपल्या गल्लींत कोणकोणतीं घरें उघडलीं नाहींत, हें त्यांनीं एकदांच सांगितलें, आणि तेंही आम्ही विचारल्यावर.