गाठ काढायची, गर्भाशय राखायचे

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंपासून वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ. ही गाठ फार सर्रास आढळते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपर्यंतच्या निम्म्याहून कितीतरी अधिक स्त्रियांमध्ये ती दिसून आली. त्यांतल्या पुष्कळ जणींना तिचा पत्ताही नसतो. त्रास होणार की नाही, हे गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अधिक अवलंबून असते. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ वर्षानुवर्षे मुकाट पडून राहू शकते. अस्तराखालून पोकळीत शिरलेली बोराएवढी गाठ मात्र पाळीत अतोनात रक्तस्राव घडवते आणि गर्भ रुजू देत नाही. गाठ तेवढी काढून गर्भाशय जागेवर ठेवण्याच्या शस्त्रक्रियेला मायोमेक्टॉमी म्हणतात. पुढे दिवस राहावेत हा या शस्त्रक्रियेचा हेतू आज गृहीत धरला जातो, पण तो मान्य व्हायला जवळजवळ शतक लागले.

पॅरिसच्या आम्युसा या शल्यविशारदाने १८४० साली योनिमार्गाने फायब्रॉइड काढला. १८४४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे वॉशिंग्टन आणि जॉन अ‍ॅटली या भावांनी पोट उघडून गाठ काढली आणि रुग्ण वाचली. इथरची भूल तेव्हा अजून दोन वर्षे दूर होती, लिस्टरची जंतुनाशक पद्धत त्याहूनही पुढची. पोट उघडून गर्भाशय काढण्यातले पहिले यश तर अपघातानेच आले. १८५३ साली मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे वॉल्टर बर्नहॅम अंडाशयाची गाठ समजून पोट उघडून बसले. तेवढ्यात रुग्णेला जोराची उलटी झाली आणि फायब्रॉइडने भरलेले गर्भाशय जखमेतून बाहेर आले. ते आत जाईना, म्हणून काढावे लागले. रुग्ण जगली. त्याच वर्षी त्याच गावात गिलमन किंबल यांनी तीच शस्त्रक्रिया ठरवून केली.

पुढच्या पन्नास वर्षांत भूल, जंतुनाशके आणि रक्तवाहिन्या बांधण्याचे तंत्र सुधारले. त्याचा मोठा फायदा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला मिळाला. कारण सरळ होते. गर्भाशयाकडे येणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या दोन्ही बाजूंनी बांधल्या की ते काढताना रक्तस्राव आटोक्यात राहतो. गाठ सोडवताना मात्र भिंत जिवंत, रक्ताने भरलेली असते. प्रत्येक गाठीमागे एक पोकळी उरते आणि ती टाके घालून नीट मिटवावी लागते. रक्त चढवण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके नव्हती. अशा काळात जीव वाचवण्याचा हिशेब करणारा शल्यविशारद गर्भाशयच काढून टाकी. विसाव्या शतकाच्या आरंभी रेडियम आणि क्ष-किरणांचा उपचारही आला. त्याने रक्तस्राव थांबे, पण अंडाशयांचे कामही बंद पडे. पंचवीस-तीस वर्षांच्या, मूल न झालेल्या बाईचे पुढचे आयुष्य या हिशेबात धरलेच जात नव्हते. ही त्या काळच्या वैद्यकाची मोठी उणीव होती.

ती उणीव सर्वांत ठामपणे मांडली लंडनच्या व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३) यांनी. मिडलसेक्स हॉस्पिटल आणि चेल्सी हॉस्पिटल फॉर विमेन येथे ते काम करीत. १९०५ साली त्यांचे लग्न झाले. पुढे फायब्रॉइडमुळे त्यांच्या पत्नीचे गर्भाशय काढावे लागले आणि त्या दांपत्याला मूल झाले नाही. तरुण स्त्रीचे गर्भाशय एका साध्या गाठीपायी काढणे हा उपचाराचा पराभव आहे, हे मत बॉनींनी पुढे आयुष्यभर मांडले. नुसते मांडून ते थांबले नाहीत. गर्भाशय राखणे शक्य व्हावे म्हणून हत्यारे आणि टाके दोन्ही बदलले.

पहिला प्रश्न रक्ताचा. बॉनींनी त्यासाठी एक खास चिमटा तयार केला. तो गर्भाशयाच्या खालच्या भागाभोवती बसवला की दोन्ही बाजूंच्या गर्भाशय-धमन्या दाबल्या जात, आणि गाठी काढून टाके पडेपर्यंत रक्तप्रवाह थोपवून धरता येई. दुसरा प्रश्न चिकटण्याचा. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर जखम राहिली तर आतडी, अंडाशय आणि बीजवाहिन्या तिला चिकटतात. गाठ गेली तरी दिवस राहण्याची वाट बंद होते. म्हणून शक्य तिथे समोरच्या भिंतीवर एकच छेद घ्यायचा आणि त्यातूनच आजूबाजूच्या, अगदी मागच्याही गाठी ओढून काढायच्या, अशी त्यांची रीत होती. माथ्यावर मागे मोठी गाठ असेल तर तिथे आडवा छेद घेऊन गाठ सोडवत. उरलेला सैल पदर बाळाच्या टोपड्यासारखा माथ्यावरून पुढे ओढून समोरच्या बाजूला शिवत. टाक्यांची ओळ त्यामुळे आतड्यांपासून दूर राही. ही युक्ती ‘बॉनीज हूड’ या नावाने ओळखली जाते. एकाच गर्भाशयातून त्यांनी २२५ गाठी काढल्याची नोंद आहे. अशा शेकडो शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांनी १९४६ साली पुस्तकरूपाने मांडला.

याच सुमारास वंध्यत्वाची तपासणीही बदलत होती. न्यूयॉर्कच्या इसिडोर रुबिन यांनी १९२० मध्ये वायू सोडून बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का ते पाहण्याची चाचणी आणली. त्यामुळे दोष गाठीचा की नळ्यांचा, हे शस्त्रक्रियेआधीच थोडेफार कळू लागले. तरीही गाठ काढल्यावर किती जणींना मूल होते याचे विखुरलेले आकडे एकत्र यायला बराच काळ गेला. बट्रम आणि रायटर यांचा १९८१ चा आढावा त्यासाठी अजून उद्धृत केला जातो. त्यात मायोमेक्टॉमीनंतर सुमारे ४० टक्के स्त्रियांना दिवस राहिले आणि गर्भपाताचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून १९ वर आले. शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांशी तुलना नसल्याने या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. पोकळीत शिरलेली गाठ गर्भधारणेच्या आड येते आणि बाहेरच्या अंगाची सहसा येत नाही, याबद्दल आज बऱ्यापैकी एकमत आहे. भिंतीत दडलेल्या गाठीचा वाद मात्र मिटलेला नाही.

मधल्या काळात पोट न फाडण्याच्या वाटा निघाल्या. १९७६ मध्ये न्यूवर्थ आणि अमिन यांनी गर्भाशयमुखातून दुर्बीण घालून पोकळीतील गाठी कापल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी त्याच दशकाच्या अखेरीस पोटावरील लहान छिद्रांतून फायब्रॉइड काढायला सुरुवात केली. दुखणे कमी झाले, घरी लवकर जाता येऊ लागले. पण नवा धोकाही दिसला. लांब हत्यारांनी खोल टाके घालणे अवघड, म्हणून काही ठिकाणी भिंत एकाच थरात शिवली जाई किंवा रक्त थांबवायला विजेने जाळली जाई. १९९० च्या दशकात अशा व्रणावर गरोदरपणात गर्भाशय फाटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. त्यानंतर भिंत थराथराने शिवण्यावर पुन्हा भर आला. बॉनींनी उघड्या पोटात जे जपले तेच दुर्बिणीतूनही जपावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले. १९९५ मध्ये फ्रान्सच्या राव्हिना यांनी गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत मांडली. पण मूल हवे असणाऱ्यांसाठी आजही पहिली पसंती सहसा मायोमेक्टॉमीलाच असते.

शस्त्रक्रियेनंतर व्रण भरण्यासाठी साधारण ३ ते ६ महिने थांबायला सांगण्याची प्रथा आहे. पोकळीतील लहान गाठ खालून काढली असेल तर थोडा कमी काळ पुरतो. गर्भाशय फाटण्याचा धोका शेकडा एकाहूनही कमी आहे, पण तसे घडले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. म्हणून छेद खोल गेला असेल किंवा पोकळी उघडली गेली असेल, तर कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन करण्याकडे कल असतो. फार थांबणेही परवडत नाही. ही शस्त्रक्रिया बहुधा तिशी ओलांडल्यावर होते, वयाबरोबर बीजांची संख्या घटते आणि गाठी पुन्हा वाढू शकतात.

महाराष्ट्रात ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला अजूनही फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ च्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे मजुरीची सक्ती, भीती आणि खासगी दवाखान्यांचा व्यवहार अशी अनेक कारणे होती. सगळा दोष फायब्रॉइडवर टाकता येणार नाही. पण ज्या गाठीसाठी गर्भाशय राखण्याचे तंत्र शंभर वर्षे जुने आहे, तिच्यासाठी तरुण स्त्रीला दुसरा पर्याय सांगितलाच जात नसेल, तर तो अन्याय आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीने गाठ भिंतीच्या कोणत्या थरात आहे हे शस्त्रक्रियेआधी विचारावे. नंतर पोकळी उघडली गेली होती का आणि टाके किती थरांत घातले, याची लेखी नोंद मागून घ्यावी आणि ती बाळंतपणापर्यंत जपून ठेवावी. पुढे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना पहिली गरज त्याच कागदाची पडते.