चोवीस तासांचा भाव

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोट-दर्यापूरकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सकाळी सकाळी एक ओळ दिसते : आजचा भाव अमुक, गाडी तमुक ठिकाणी आणा. दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब! अमरावतीचा साडीवाला नि वरुडचा संत्रेवालाही हेच करतात. खर्च शून्य, आणि 'फक्त आज' म्हटलं की गिऱ्हाईक हलतं. व्हॉट्सॲपचं हे स्टेटस फेब्रुवारी २०१७ मधलं, इन्स्टाग्रामची स्टोरी ऑगस्ट २०१६ मधली, आणि त्याआधी स्नॅपचॅटने २०१३ मध्ये हीच युक्ती काढली होती.

पण मंडळी, दिवसभरात विरून जाणारी जाहिरात आपल्याला नवी आहे होय? कोतवालाची दवंडी दुसरं काय होती? डफडं वाजलं, लिलावाची तारीख कळली, आवाज विरला, संपलं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे प्रश्न असा पडतो की निरोप कोणी ऐकला हे कोणाला ठाऊक असतं? स्टेटस कोणी पाहिलं त्याची यादी फक्त टाकणाऱ्याला दिसते. पाहणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. दवंडीचं नेमकं उलटं. कोतवालाकडे यादी नव्हती, पण शेजाऱ्यानेही ऐकलंय हे प्रत्येकाला माहीत होतं. शब्द फिरवला तर अख्खं गाव साक्षीला! दोन्ही निरोप अल्पायुषी, पण साक्षीदार एकाकडेच.

साक्षीदार नसला की काय होतं ते कापूस बाजाराने फार पूर्वी पाहिलंय. अनेक बाजारांत 'हत्ता' पद्धत होती. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. ब्रिटिशांना लँकेशायरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस बेताच्या भावात हवा होता, त्यामुळे वऱ्हाडच्या बाजारांना शिस्त लावण्यात त्यांचा स्वार्थ होताच. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. (हे कारंजा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीममध्ये आहे.) मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराला समिती आली, दलाल आणि मापारी यांना परवाने आले. मुंबई इलाख्यात असा कायदा यायला १९२७ उजाडलं, बरं का!

आता स्टेटसवरचा भाव पाहून कोणी तीस किलोमीटरवरून गाडी भरून आणली, आणि काट्यावर "तो भाव कोरड्या मालाचा होता" असं ऐकलं, तर त्याने दाखवायचं काय? स्टेटस तर पुसलं गेलं. रुमाल गेला नि मोबाईल आला, एवढंच.

म्हणून धंदेवाल्यांना माझं सांगणं : स्टेटस जरूर टाका, पण त्यात तारीख, वेळ आणि अट लिहा. कापूस असेल तर ओलावा किती चालेल तेही लिहा (सीसीआय साधारण ८ ते १२ टक्के धरतं). आणि तोच भाव दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहा. फळाही संध्याकाळी पुसला जाईल, हरकत नाही. दिवसभर चार लोकांनी एकत्र उभं राहून तो वाचलेला असेल. शेतकऱ्याने मात्र गाडी जुंपण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवावा, हे उत्तम!