कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या नव्या रूपाची प्रतीक्षा : चेहरा बदलतो, सांगाडा किती?

जाम (जि. वर्धा), प्रतिनिधी : नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ बुटीबोरी ओलांडून जाम येथे येतो आणि येथेच वाहतूक विभागली जाते. सरळ गेल्यास हिंगणघाट, पांढरकवडा आणि पुढे हैदराबाद. डावीकडे वळल्यास वरोरा आणि चंद्रपूर. जुनी माणसे या रस्त्याला आजही ‘सात नंबरचा हायवे’ म्हणतात. समुद्रपूर तालुक्यातील या चौरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीला दुहेरी काम असते. चौपदरी रस्त्यावर तिला तासन् तास वेगाने धावायचे असते आणि महामार्ग सोडताच काळ्या मातीच्या पांदणीत उतरायचे असते. नोकरी नागपुरात आणि शेती हिंगणघाट-समुद्रपूरकडे, अशी जी असंख्य कुटुंबे आहेत त्यांना चार मीटरच्या आतील, उंच बांध्याची ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ सोयीची वाटते, ती यामुळेच.

अशा कुटुंबात मोटार दहा-बारा वर्षांतून एकदा घेतली जाते. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला, दसरा-दिवाळी किंवा गुढीपाडवा जवळ आला की शोरूमची चौकशी सुरू होते आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी सांगते, ‘थांबा, नवीन मॉडेल येतेय.’ मग प्रश्न उभा राहतो. थांबावे की घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ‘नवीन’ या शब्दाचा मोटार उद्योगातील अर्थ आधी समजून घ्यावा लागतो.

चार मीटरची लक्ष्मणरेषा

या गटातील प्रत्येक मोटारीच्या रचनेवर सर्वांत मोठा प्रभाव करविषयक नियमाचा आहे. रेखाटनकाराची कल्पनाशक्ती त्यानंतर येते. केंद्र सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के केले. लहान मोटार म्हणजे चार हजार मिलिमीटरपर्यंत लांबी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या ठरली. ‘जीएसटी’ आला तरी ही रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ती अधिकच ठळक झाली. रेषेच्या आतील मोटारींना १८ टक्के, बाहेरील मोटारींना ४० टक्के कर लागू झाला. त्यापूर्वी लहान पेट्रोल मोटारीवर उपकरासह २९ आणि डिझेलवर ३१ टक्के कर होता.

केवळ लांबी कमी असून भागत नाही, हे मारुती सुझुकीच्या ‘ब्रेझा’वरून कळते. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे. त्यामुळे तिच्यावरील कर ४५ वरून ४० टक्क्यांवरच थांबला, तर टाटा ‘नेक्सॉन’च्या किमतीत कंपनीने त्या वेळी १ लाख ५५ हजार रुपयांपर्यंत कपात जाहीर केली.

या नियमाची पहिली फळे महाराष्ट्रातच दिसली, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. चिंचवडच्या ‘प्रीमियर’ कंपनीने २००९ मध्ये ‘रिओ’ ही चार मीटरच्या आतील एसयूव्ही बाजारात आणली. २०१२ मध्ये महिंद्राने ‘झायलो’ची लांबी कमी करून ‘क्वांटो’ काढली. मागचा भाग कापल्यासारखी दिसणारी ही गाडी ग्राहकांच्या मनात भरली नाही. २०१३ मध्ये फोर्डची ‘इकोस्पोर्ट’ आली. चार मीटरमध्येही मोटार डौलदार दिसू शकते, हे तिने दाखवून दिले आणि खऱ्या अर्थाने हा वर्ग तेव्हापासून रुजला. पुढे २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटार उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, हा भाग निराळा.

तात्पर्य, लांबी बांधलेली असल्याने नव्या रूपात गाडी लांब होऊ शकत नाही. तिला रुंद होता येते, उंच होता येते किंवा चेहरा बदलता येतो.

तीन गाड्या, तीन तऱ्हा

मोटार कंपन्या नव्या रूपाचे ढोबळमानाने दोन प्रकार करतात. एकात दिवे, बंपर, जाळी, डॅशबोर्ड बदलतात. सांगाडा तोच राहतो. याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. दुसऱ्यात नवी पिढी येते. जाहिरातीत मात्र दोन्ही ‘ऑल न्यू’च्या थाटात मिरवतात. ग्राहकाला हाताशी असलेली सोपी कसोटी म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, म्हणजेच व्हीलबेस. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तो छापलेला असतो.

‘नेक्सॉन’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी ही मोटार सप्टेंबर २०१७ मध्ये आली. जानेवारी २०२० मध्ये ‘बीएस-६’ इंजिनांसोबत तिचा चेहरा बदलला. १४ सप्टेंबर २०२३ रोजी तिसरे रूप आले, ते इतके वेगळे की जुनी आणि नवी शेजारी उभी केल्यास एकाच घराण्यातील आहेत हे सांगावे लागे. वरच्या बाजूला बारीक दिवे, मुख्य दिवे खाली बंपरमध्ये, मागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली दिव्यांची पट्टी, दोन आऱ्यांचे स्टिअरिंग आणि सव्वादहा इंची पडदा. डिकी ३५० लिटरची ३८२ लिटर झाली. व्हीलबेस मात्र २४९८ मिलिमीटर होता तो तेवढाच राहिला. ग्राउंड क्लिअरन्स २०९ चा २०८ झाला. म्हणजे पांदणीत उतरणाऱ्याच्या दृष्टीने गाडी होती तशीच होती.

मग वाट पाहणाऱ्याला काहीच मिळाले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०१८ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळविणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय मोटार ठरली होती, पण त्याच चाचणीत बालकांच्या सुरक्षेसाठी तिला तीनच तारे होते. २०२२ मध्ये या चाचणीचे नियम कडक झाले. बाजूने होणारी धडक विचारात घेतली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या रूपातील नेक्सॉन या कडक चाचणीला सामोरी गेली आणि प्रौढ व बालक, दोन्हींसाठी पाच तारे घेऊन आली. सहा एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यात आल्या होत्या. व्हीलबेसच्या आकड्यात जे दिसत नाही ते येथे दिसते. ज्याने २०२३ च्या उन्हाळ्यात चार-पाच महिने कळ काढली, त्याच्या मागच्या आसनावरील मुलांना त्याचा प्रत्यक्ष लाभ झाला. दिव्यांच्या पट्टीपेक्षा हा बदल कितीतरी मोलाचा. शोरूममध्ये बोलबाला मात्र पट्टीचाच अधिक झाला.

नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या मोटारीची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेली ‘एक्सयूव्ही ३००’ एप्रिल २०२४ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा नावही बदलून ‘एक्सयूव्ही थ्रीएक्सओ’ झाले. मोठे सनरूफ, नवा डॅशबोर्ड, चालकाला सावध करणारी व प्रसंगी स्वतः ब्रेक लावणारी ‘एडास’ यंत्रणा असे पुष्कळ काही आले. व्हीलबेस २६०० मिलिमीटरच राहिला, आणि तो आधीपासूनच या वर्गात ऐसपैस होता. १५ मे २०२४ रोजी बुकिंग खुले होताच पहिल्या तासात पन्नास हजार नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. नाव बदलले की जुन्या नावाची गाडी एका रात्रीत ‘जुनी’ होते. जुन्या गाडीच्या बाजारात याचा फटका बसतो, तो आधीच्या मालकाला.

ह्युंदाईची ‘व्हेन्यू’ ही खऱ्या नव्या पिढीची गोष्ट. पहिली व्हेन्यू मे २०१९ मध्ये आली, जून २०२२ मध्ये तिचा चेहरा बदलला आणि ४ नोव्हेंबर २०२५ रोजी दुसरी पिढी दाखल झाली. ती तयार होते पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे. जनरल मोटर्सचा हा कारखाना २०२० च्या अखेरीस थंडावला होता. ह्युंदाईने तो विकत घेऊन पुन्हा सुरू केला. लांबी अर्थातच ३९९५ मिलिमीटरवर थांबलेली. रुंदी ३० मिलिमीटरने वाढून १८०० झाली, उंची ४८ मिलिमीटरने वाढून १६६५ झाली आणि व्हीलबेस २० मिलिमीटरने वाढला. वीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदीदेखील नव्हे. चार मीटरच्या चौकटीत नवी पिढी म्हणजे एवढेच, हे यावरून ध्यानात यावे. इंजिने पूर्वीचीच ठेवण्यात आली; डिझेलला स्वयंचलित गिअरची जोड मिळाली.

काय जाते, तेही पाहावे

नव्या रूपाच्या चर्चेत काय मिळणार याचीच यादी असते. काय जाणार, हे कुणी सांगत नाही. ‘ब्रेझा’ २०१६ मध्ये आली तेव्हा ती फक्त डिझेलवर होती. जाम-पांढरकवडा-आदिलाबाद अशी नित्याची धाव असणाऱ्यांना तिचे अ‍ॅव्हरेज परवडत असे. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाली, मारुतीने डिझेल इंजिने बंद केली आणि नव्या चेहऱ्याच्या ब्रेझात फक्त पेट्रोल उरले. डिझेल हवे असणाऱ्याने त्या वेळी वाट पाहिली असती तर हात चोळत बसावे लागले असते. सीएनजीचा पर्याय २०२३ मध्ये आला, पण मोठ्या सिलिंडरने डिकी खाल्ली. टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनला दोन लहान सिलिंडर आडवे बसवून ३२१ लिटर जागा राखली. लग्नसराईत सामानासह गावी जाणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो.

बटणांच्या जागी येणारे स्पर्शपडदे हाही असाच एक देवाण-घेवाणीचा मामला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेलेला असताना, खडबडीत रस्त्यावर, वातानुकूलन कमी-जास्त करण्यासाठी पडद्यावर बोट टेकवत बसणे हे सोयीचे की गैरसोयीचे, हे टेस्ट ड्राइव्ह घेऊनच ठरवावे. सनरूफबाबतही विदर्भातील ग्राहकाने उन्हाचा विचार आधी करावा. शोरूममध्ये ते छान दिसते. शोरूममध्ये एसी असतो.

थांबायचे तर कशासाठी?

नवे रूप येणार याची चाहूल बरीच आधी लागते. काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या वेष्टनात गुंडाळलेल्या गाड्या रस्त्यांवर दिसू लागतात. वेष्टनामुळे वळणे व कडा डोळ्यांना नीट उमगत नाहीत. अशा छायाचित्रांवरून दिव्यांचा अंदाज येतो, किमतीचा नव्हे. वेष्टन दिसल्यापासून गाडी हाती येईपर्यंतचा काळही निश्चित नसतो. खात्रीची खूण विक्रेत्याकडे मिळते. जुन्या रूपावर अचानक मोठी सवलत सुरू झाली, मागणी असलेले रंग ‘उपलब्ध नाहीत’ असे उत्तर येऊ लागले, की बदल जवळ आला असे समजावे.

अशा वेळी जुन्या रूपातील गाडी घेणे मूर्खपणाचे असतेच असे नाही. गाडी दहा वर्षे वापरायची असेल तर फेरविक्रीतील तूट वर्षांवर विभागली जाते आणि हाती आलेली सवलत खरी असते. शिवाय पहिल्या काही महिन्यांतील नव्या गाडीचे बारीकसारीक दोष निस्तरण्याची पाळी आपल्यावर येत नाही. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र थांबावे. डिसेंबरमध्ये सवलतीत गाडी घेणाऱ्यानेही निर्मितीचे वर्ष तपासून घ्यावे, कारण जुन्या गाडीच्या बाजारात नोंदणीपेक्षा त्या आकड्याकडे आधी पाहिले जाते.

सुरक्षेचे तारे पाहताना चाचणीचे साल पाहणे आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली. जुन्या रूपाला मिळालेले तारे नव्या रूपाला वारशाने मिळत नाहीत. विक्रेता जुन्याच ताऱ्यांचा दाखला देत असेल तर त्याला चाचणीचा महिना विचारावा.

नेक्सॉनच्या बाबतीत, २०१७ च्या मूळ सांगाड्याची जागा घेणारी संपूर्ण नवी पिढी २०२५ सरेपर्यंत बाजारात आलेली नव्हती. टाटा मोटर्सने जून २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर मांडलेल्या आराखड्यात २०३० या आर्थिक वर्षापर्यंत सात नवी नावे आणि प्रचलित गाड्यांची २३ नवी रूपे आणण्याचे, त्यासाठी ३३ ते ३५ हजार कोटी रुपये गुंतविण्याचे जाहीर केले होते. पाच वर्षांत २३ रूपे म्हणजे सरासरी अडीच महिन्यांना एक. ‘थांबा, नवीन येतेय’ हे वाक्य यापुढे कोणत्याही महिन्यात खरेच असणार आहे.