‘पंच’ खरोखर ‘पाच’मधून आला का? एका जुन्या पेयाची उलटतपासणी

१/
एक वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते: “इंग्रजांचा प्रसिद्ध ‘पंच’ हा आपल्या ‘पाच’ या शब्दावरून आला, कारण त्यात पाच घटक असत.” वाक्य सुटसुटीत आहे, अभिमान सुखावणारे आहे. ते खरेही असू शकेल. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने सुखावण्यापूर्वी साक्षीदार तपासावेत. आजचा धागा त्यासाठीच.

२/
प्रथम पंच म्हणजे काय ते पाहू. मद्य, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला (बहुधा जायफळ) यांचे मोठ्या वाडग्यात केलेले मिश्रण म्हणजे पंच. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्रजी जगातील मेजवान्यांचे हे मुख्य पेय होते. पेल्यागणिक बनणारे कॉकटेल पुढे आले. १८६२ मध्ये अमेरिकेत जेरी थॉमस याने मिश्र पेयांचे गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही पंचाचे प्रकार ढिगाने आहेत. कॉकटेलच्या वंशवृक्षात पंच हा आजोबांच्या जागी बसतो.

३/
साक्षीदार पहिला: सप्टेंबर १६३२. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट ॲडम्स हा कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोलीच्या वखारीतील सहकाऱ्याला पत्र लिहितो आणि त्यात पंच पिण्याचा उल्लेख करतो. या पेयाचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख मानला जातो. लक्षात घ्या, तो लंडनमधला नाही, आजच्या आंध्र किनाऱ्यावरचा आहे. मात्र पत्रात कृती नाही. नाव ओळखीचे असल्याप्रमाणे ते सहज येते आणि जाते.

४/
साक्षीदार दुसरा: १६३८, सुरत. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो इंग्रजांच्या वखारीत पाहुणा होता. तेथील ‘पालेपुंट्झ’ नावाच्या पेयाची तो नोंद करतो. हा ‘बोल ऑफ पंच’चा अपभ्रंश. घटक कोणते? मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा: चार.

५/
साक्षीदार तिसरा: फ्रेंच प्रवासी बुलाय-ल-गूझ, ग्रंथ १६५३ चा. तो ‘बोलपोंज’ हा इंग्रजी शब्द असल्याचे सांगतो. घटक: साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्कीट. येथे पाच भरतात खरे, पण त्यांत पाण्याचा उल्लेख नाही आणि बिस्कीट आहे!

साक्षीदार चौथा: बर्निए. बंगालमधील ‘बुलेपोंज’चे त्याचे वर्णन असे: गुळाचा अर्क, लिंबाचा रस, पाणी, थोडे जायफळ. पुन्हा चार. हे पेय प्रकृतीला अतिशय घातक, असा शेराही तो मारतो.

६/
मग ‘पाच’ आले कोठून? साक्षीदार पाचवा आपल्या अगदी जवळचा आहे. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ च्या अखेरीस मुंबईत उतरला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की नेरूल येथे उत्तम अर्क बनतो आणि या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून ‘पॉंच’ नावाचे शक्तिपात करणारे पेय बनवतात. ‘पॉंच’ म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, कारण घटक पाच. वैद्यांच्या पाच द्रव्यांच्या औषधाला जसे संख्येवरून नाव पडते, तसेच हे, अशी तुलनाही तो करतो.

(नवी मुंबईकरांनी घाई करू नये. हे नेरूल गोव्यातील, बार्देशातले.)

७/
फ्रायरची साक्ष मोलाची आहे, कारण तो या किनाऱ्यावर राहिला होता. परंतु दोन अडचणी उरतात.

पहिली कालक्रमाची. तो या देशात उतरला तेव्हा ॲडम्सच्या पत्राला चाळीस वर्षे झाली होती. मधल्या काळातल्या कृतींत घटकांची संख्या स्थिर नाही.

दुसरी उच्चाराची. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दातील स्वर आजच्यासारखा ‘अ’कडे पुरता झुकलेला नव्हता, तो ‘उ’च्या जवळ होता, म्हणजे ‘पुंच’. जर्मन कानांनी ‘पुंट्झ’ ऐकले, फ्रेंच कानांनी ‘पोंज’. ‘पाच’मधला दीर्घ ‘आ’ त्यांपैकी कोणालाच ऐकू आला नाही.

८/
पर्यायी मत असे: मद्याच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, खलाशांनी त्याचे लघुरूप केले. जहाजावरील बिअर उष्ण समुद्रात आंबून जाई, वाइन संपून जाई. अशा वेळी किनाऱ्यावर मिळणारे मद्य लिंबू-साखरेने सुसह्य करणे ही खलाशी बुद्धी. २०१० मध्ये पंचावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे डेव्हिड वॉन्ड्रिच या पेयाचे जनकत्व इंग्रज खलाशांकडेच देतात. मात्र पिंपाच्या नावावरून पेयाला नाव पडल्याचा तत्कालीन लेखी पुरावा कोणी दाखवलेला नाही. म्हणजे दोन्ही पक्ष अनुमानावर उभे आहेत.

९/
येथे एक क्षण थांबू. आपण नावाच्या मागे धावताना वाडग्यात काय आहे ते पाहायचे विसरलो.

‘अर्क’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून थेंबथेंब गळणाऱ्या द्रवाला याहून नेमके नाव सापडणार नाही. फ्रायरच्या काळी गोव्याचा अर्क माडाचा होता. माडाच्या पोईला छेद देऊन सूर काढायचा, आंबवायचा, गाळायचा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आज फेणी म्हटले की काजू आठवतो आणि २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही काजूच्या फेणीला मिळाले. माडाची फेणी मात्र आजही गोव्यात बनते. फ्रायरच्या पेल्याची ती सर्वांत जवळची वंशज.

१०/
अठराव्या शतकातील इंग्रजी लेखनात ‘गोव्याचा अर्क’ आणि ‘बटाव्हियाचा अर्क’ असा स्पष्ट भेद आढळतो. बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. तेथील अर्क उसाच्या मळीचा, आंबवण्यासाठी लाल तांदळाच्या वड्या. डच व्यापाराच्या बळावर हा दुसरा अर्क युरोपभर गेला.

१७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीने तो गोथेनबर्गला नेला. तेथे वाडग्यातील पंचाची हळूहळू गोड लिक्युअर झाली, ‘पुन्श’. १८४५ पासून ती तयार बाटलीत मिळू लागली. गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपाबरोबर गरम पुन्श ही तेथील जुनी रीत आहे.

११/
लंडनची गंमत आणखी वेगळी. व्हॉक्सहॉल उद्यानातील ‘रॅक पंच’ प्रसिद्ध होता. ‘रॅक’ म्हणजे आपला अर्कच. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ (१८४७-४८) कादंबरीत कंपनी सरकारचा कलेक्टर जोस सेडली तेथे हा पंच इतका पितो की त्या रात्रीचे लग्नाचे बोलणे राहूनच जाते आणि कथानकाला वळण लागते.

खरा अर्क महाग, म्हणून नक्कलही आली. डॉ. किचिनर यांच्या पाकपुस्तकात (१८१७) एक क्लृप्ती आहे: एक क्वार्ट रममध्ये दोन स्क्रुपल, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, उदाची फुले विरघळवा, व्हॉक्सहॉलचा सुगंध येईल! ऊद, होय, आपल्या धुपातला. (हा प्रयोग करू नका. धुपासाठी विकला जाणारा ऊद पोटात घेण्याजोगा नसतो.)

१२/
नक्कल ही इतिहासाची साक्षही असते. लोकांना अर्कात काय आवडत असे? तर धुरकट, राळेसारखा सुगंध. ही माहिती कोणत्याही जकातीच्या वहीत मिळणार नाही. ती पाकपुस्तकात सापडते, आणि कृती करून पाहिली तरच नीट उमगते.

म्हणूनच गेल्या दोन-तीन दशकांत जुन्या कृती घरच्या घरी करून पाहणाऱ्या हौशी मंडळींनी इतिहासकारांना मोठी मदत केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या बाजारातून बटाव्हियाचा अर्क जवळजवळ नाहीसा झाला होता. जुनी पुस्तके उघडून “हा घटक कोठे मिळेल?” असे विचारणाऱ्यांमुळे या शतकाच्या पहिल्या दशकात तो तेथे पुन्हा आला.

१३/
एक कृती पाहू. ऑक्टोबर १७६३ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी मित्र जेम्स बोडन यांना ‘मिल्क पंच’ची कृती पाठवली. ब्रँडी ६ क्वार्ट, ४४ लिंबांच्या पातळ साली त्यात २४ तास भिजवायच्या. मग पाणी ४ क्वार्ट, मोठी जायफळे ४, लिंबाचा रस २ क्वार्ट, साखर २ पौंड. शेवटी ३ क्वार्ट उकळते दूध ओतायचे, दोन तास ठेवायचे, गाळायचे, बाटल्या भरायच्या.

मोजा: मद्य, लिंबू, पाणी, साखर, जायफळ. पाच! आणि वर दूध.

१४/
दूध फाटेल, असे आपल्या घरातले कोणीही सांगेल. तेच तर हवे असते. आम्लामुळे दुधातील केसीन साकळते, ते साकळे गढूळपणा आणि तुरट द्रव्ये धरून ठेवतात, खाली उरते ते निवळ, मऊ चवीचे पेय. असा पंच दीर्घकाळ टिके, म्हणून तो प्रवासालाही सोयीचा.

हे तत्त्व मद्याशिवाय पाहता येते. दोन कप कडक कोरा चहा, अर्धा कप लिंबाचा रस, अर्धा कप साखर, किंचित जायफळ. त्यात एक कप गरम दूध ओता. दोन तासांनी दुहेरी मलमलीतून, न पिळता, सावकाश गाळा. पहिली धार गढूळ येईल, ती पुन्हा त्याच साकळ्यावरून ओता. चहाचा गडद रंग आणि तुरटपणा उतरलेला दिसेल. बहुसंख्य वाचक तरुण आहेत, म्हणून कृती चहाची दिली. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे.

१५/
आता या कथेतील न दिसणारी माणसे. पंचाच्या प्रत्येक वर्णनात पिणारा दिसतो, माडावर चढणारा दिसत नाही. कोकणातील भंडारी, गोव्यातील रेंदेर यांच्या कोयत्यावाचून फ्रायरचा वाडगा रिकामा राहिला असता.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इलाख्यातील मद्यनिर्मिती सरकारी नियंत्रणाखाली आणली. माडावरील कर वाढले, गावोगावच्या लहान भट्ट्या मागे पडल्या. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्याचे मीठ आणि अबकारीही ब्रिटिश व्यवस्थेला जोडली गेली. तो करार १८९२ मध्ये संपला. ज्या अर्काने कंपनीच्या वखारींना रिझवले, तो गाळणाऱ्याचा धंदा त्याच सत्तेच्या वारसांनी आवळला.

१६/
निष्कर्ष. ‘पंच’ हा शब्द ‘पाच’वरून आला असे ठामपणे म्हणता येत नाही. फ्रायरच्या काळी तसे मानले जात होते, इतकेच निश्चित. पण वाडग्यातला अर्क या किनाऱ्यांवरचा होता, लिंबू आणि साखर येथल्या बाजारातली होती. सर्वांत जुनी ज्ञात नोंदही याच देशातली आहे. यांपैकी कशालाही व्युत्पत्तीच्या कुबडीची गरज नाही.

नावाचा दावा सैल आहे, वस्तूचा दावा पक्का आहे. पुढच्या वेळी ते फिरते वाक्य समोर आले, तर खोडून काढू नका आणि पुढेही ढकलू नका. एवढेच विचारा: “मांडेल्स्लोच्या सुरतेच्या वाडग्यात पाचवा घटक कोणता होता?”