पाच शेर मांस आणि एक पळी रक्त : पारधी, पाळीव चित्ता आणि वऱ्हाड

महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत 'पारधी' या नोंदीखाली अनेक पोटनावे येतात. फासेपारधी, लंगोटी पारधी, टाकणकार, बहेलिया आणि त्यांच्याच रांगेत 'चित्ता पारधी'. अमरावती-अकोल्याच्या कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या एखाद्या पारधी तरुणाने चित्ता पाहिलेला असतो तो चित्रात नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर. हिंदुस्थानातील रानांतून हा प्राणी नाहीसा झाल्याला पाऊण शतक लोटले. सरकारी कागदावर त्याच्या नावाची माणसे मात्र शिल्लक आहेत.

हा चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. चित्ता लांब पायांचा, सडपातळ, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी अश्रुरेघ असलेला, गवताळ माळावर धावून शिकार करणारा. जुन्या इंग्रज लेखकांनी दोघांनाही 'लेपर्ड' म्हणून घोळ घातला आहे. त्यामुळे त्यांच्या ग्रंथांत 'माणसाळलेल्या बिबट्याने हरणे मारणारे पारधी' भेटतात. तेथे चित्ता समजावा.

चित्त्याकडून काळवीट मारवण्याच्या खेळाची वर्णने पुष्कळ आहेत. धाव, झडप, धूळ, राजेरजवाड्यांची वाहवा. या धाग्याचा विषय त्या खेळाच्या मागच्या अंगणातला आहे : जो प्राणी आयुष्यभर स्वतः मारलेले ऊन मांस खात आला, त्याला माणसाच्या हातच्या मांसावर कसे आणीत, आणि ते मांस त्याला पुरत असे काय?

हा प्रश्न प्रत्येक चित्त्याच्या बाबतीत नव्याने उभा राही, कारण चित्ता कैदेत वीत नसे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, वडिलांनी एके वेळी हजार चित्ते जमवले होते, त्यांची जोडी जमावी अशी त्यांना फार इच्छा होती, पण ते साधले नाही. पुढे १६१३ च्या सुमारास जहांगीरच्याच पदरी एक नर गळपट्टा सोडवून मादीपर्यंत पोहोचला आणि तीन बछडी झाली, ही गोष्ट त्याने नवल म्हणून नोंदवली. तेव्हा दरबारातला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. तोही पूर्ण वाढीचाच लागे. बछडे पाळून मोठे केले तर त्याला शिकार शिकवणार कोण? ते काम आईचे.

धरण्याच्या दोन रीती विशेष प्रसिद्ध होत्या. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजल 'ओडी' नावाच्या खड्ड्याचे वर्णन करतो : खोल खणलेला, वर गवत पसरलेला. त्यात पडताना चित्त्याचे पाय मोडत, म्हणून अकबराने उथळ खड्ड्याची आणि सापळ्याच्या दाराची नवी युक्ती काढली, असे तो सांगतो. पारध्यांची रीत फासाची. माळावर काही ठरावीक झाडे असतात, ज्यांच्या बुंध्यावर चित्ते नखे घासतात, भोवती खेळतात. पारधी त्या झाडाभोवती जनावरांच्या तातीचे फास मांडून ठेवी. या रीतीने धरलेल्या चित्त्याचे हाडही मोडत नसे. बादशहाने जे यंत्राने साधले, ते पारध्याने झाड ओळखून साधले, असे म्हणावेसे वाटते.

खरी कसोटी त्यानंतरची. नुकताच धरलेला चित्ता अन्नाला तोंड लावीत नसे. त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढे, अंगाला चहूबाजूंनी दोर, बसायला खाट. उपास पडू देत, कारण भुकेखेरीज दुसरा मध्यस्थ तेथे नव्हता. मग हातातून मांसाचा तुकडा नाकापाशी. एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनी एक मजेशीर तपशील लिहून ठेवला आहे : माणसाच्या आवाजाची भीती मोडावी म्हणून बायका-मुलांना चित्त्याच्या खाटेपाशी बसवीत आणि त्यांनी तासन्‌तास बोलत राहायचे. लॉकवुड किपलिंगच्या १८९१ च्या पुस्तकात तर राखणदार आणि चित्ता एकाच खाटेवर एकाच कांबळ्यात झोपल्याचा उल्लेख येतो. अबुल फजलच्या मते हे शिक्षण पूर्वी दोन-तीन महिन्यांचे होते, बादशहाच्या देखरेखीखाली ते १८ दिवसांत होऊ लागले. दरबारी इतिहासकाराचा हा आकडा चिमूटभर मीठ लावूनच घ्यावा.

आता मांसाचा हिशेब. चित्त्यांचे आठ वर्ग होते आणि त्यांचा रोजचा शिधा ठरलेला. पहिल्या वर्गाला ५ शेर, दुसऱ्याला साडेचार, तिसऱ्याला ४, पुढे पाव-पाव शेराने उतरत आठव्याला पावणेतीन शेर. अकबरी शेर सुमारे ६३० ग्रॅमचा धरला तर हा शिधा सव्वातीन किलोच्या आतबाहेर सुरू होऊन पावणेदोन किलोपर्यंत येतो. आजच्या हिशेबानेही हे प्रमाण चुकीचे नाही. मांस एका सलग तुकड्यात द्यायचे. रविवारी जनावर मारायचे नाही असा हुकूम, म्हणून शनिवारी दुप्पट वाटा. रविवार अर्थातच उपासाचा. आज कित्येक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. मोगल चित्तेखान्यात तो दिवस बादशहाच्या धर्मविचारातून आला होता, पण जठराला कारणाशी काय कर्तव्य? शिवाय वर्षातून एकदा ४ शेर लोणी आणि शेराचा दहावा हिस्सा गंधक, खरजेवर चोळायला.

या तक्त्यात एक गोष्ट खटकते. शिधा मानाप्रमाणे होता, गरजेप्रमाणे नव्हे. एका चित्त्याने दरीवरून झेप घेऊन हरीण धरले, तेव्हा त्याला चित्त्यांचा सरदार करून त्याच्यापुढे नगारा वाजवण्याचा मान देण्यात आला. चढत्या पराक्रमाला चढता वाटा. पण ज्याचे दात झिजले, ज्याची धाव मंदावली, त्याला अशा व्यवस्थेत खालच्या वर्गात घसरण्यावाचून गती नव्हती, आणि खालचा वर्ग म्हणजे वरच्याच्या जवळजवळ निम्मे मांस. आजारी जनावराला अधिक जपून, थोडे थोडे, अनेकदा खाऊ घालावे लागते, हे कोष्टकात मावत नाही. ते चित्त्याशेजारी झोपणाऱ्यालाच कळणार.

दुसरी गोष्ट मांसाच्या तुकड्याची. रानातला चित्ता हरणाच्या मांसाबरोबर कोवळ्या फासळ्या चावतो, काळीज खातो. नुसत्या लाल मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हाड न मिळता तेच वर्षानुवर्षे खाल्ले तर मांसाहारी प्राण्याचा सांगाडाच दुबळा होतो. उलट टोकाचा अनुभव विसाव्या शतकातल्या प्राणिसंग्रहालयांना आला. मऊ, तयार अन्नावर ठेवलेल्या चित्त्यांच्या टाळूला खालच्या दाढा घासून व्रण पडलेले आढळले, कारण चावण्यासारखे काही उरलेच नव्हते. कैदेतल्या चित्त्यांत जठराचा दाह आणि मूत्रपिंडाचे विकार फार, हेही पशुवैद्यकाला ठाऊक झाले. सलग तुकडा देण्याचा चित्तेखान्याचा नियम निदान जबड्यापुरता तरी शहाणपणाचा होता.

युरोपात याच चुकीचा एक जुना नमुना आहे. फेरेट हा मुंगसासारख्या लांबट अंगाचा पाळीव प्राणी बिळातून ससे हुसकून काढायला वापरीत. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने तोंडाला मुसके बांधून बिळात सोडलेल्या अशा प्राण्यांचे वर्णन केले आहे. मुसके यासाठी की, बिळातच सशावर ताव मारून ते झोपी जाऊ नयेत. या निखळ मांसाहारी, आखूड आतड्याच्या जिवाला इंग्लंडातले कित्येक पाळणारे पिढ्यानपिढ्या दूध-पाव घालीत राहिले. ते स्वस्त होते आणि मांसाने जनावर हिंस्र होते अशी समजूत होती. पारध्याच्या चित्त्यावर निदान हा प्रसंग आला नाही.

फेरेटला मुसके, तशी चित्त्याला पळी. चित्त्याने काळवीट पाडले की राखणदार धावत जाऊन हरणाचा गळा कापी, लाकडी पळीत ऊन रक्त धरी आणि चित्त्याच्या नाकाशी नेई. चित्ता रक्त चाटू लागला की तेवढ्यात डोळ्यांवर टोपी. शिकार त्याच्या दातांतून सुटे. वाटा म्हणून पुढे तंगडी मिळे. सबंध शिकारीतला सर्वांत धोक्याचा क्षण हाच, आणि त्या क्षणी हत्तीवरचा राजा कामाचा नसे.

वऱ्हाड १५९६ मध्ये मोगली सुभा झाला. ज्या 'ऐन'मध्ये चित्त्यांच्या शिध्याचा तक्ता आहे, त्याच ग्रंथात या सुभ्याचे, एलिचपूरचे, गाविलगड आणि नरनाळ्याचेही वर्णन आहे. गाविलगड आज अमरावती जिल्ह्यात, नरनाळा अकोल्यात. या किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेला पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट काळवीटांचा मुलूख होता. पारध्यांचे जगणे त्या कळपांवर चाले. कोणी फास लावी, कोणी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरके, टाकणकार गावोगाव जाती टाकवून देई. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात हे पोटभेद येतात, त्यांत चित्ता पारधीही आहे. १९११ च्या गणनेत मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून पारधी सुमारे १५,००० होते.

तोवर माळ बदलला होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आणला. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपुरास पोहोचली. काळी जमीन नांगराखाली गेली, गवत आक्रसले. १८७१ पासून चित्ता मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळू लागले. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तरेपुरता होता, १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर करता येईल असा नवा कायदा आला. फास घेऊन हिंडणारा माणूस पोलिसांच्या डोळ्यांत आपोआप संशयित झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांना आश्रय आणि काम दिले. त्या संस्थानात चित्त्यांची शिकार पुढेही चालू राहिली, पण देशी चित्ते मिळेनात म्हणून आफ्रिकेतून आणवून. वऱ्हाडात पारध्यांना असा आश्रयदाता नव्हता.

१९४७ मध्ये कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले, ते येथले अखेरचे मानले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. गुन्हेगार जमातींचा कायदाही १९५२ मध्येच, ३१ ऑगस्टला, रद्द झाला. पारध्यांवरचा शिक्का गेला असे मात्र वऱ्हाडातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर कोणी म्हणणार नाही. काळवीट अजून आहेत. पूर्वीच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य त्यांच्यासाठीच राखलेले आहे.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे ८ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत उतरले. विलगीकरणात त्यांना पहिले काही आठवडे म्हशीचे मांस वाढण्यात आले, पहिल्या वेळी प्रत्येकी सुमारे २ किलो. म्हणजे अकबरी सहाव्या-सातव्या वर्गाचा शिधा. त्यांतली साशा ही मादी पुढे जानेवारीत मलूल झालेली आढळली. तपासणीत मूत्रपिंडाचा विकार निघाला, आणि तो भारतात येण्याआधीपासूनचा असल्याचे नामिबियातील जुन्या रक्ततपासणीवरून दिसले. २७ मार्च २०२३ रोजी ती मेली. तिच्यावर उपचार करणाऱ्यांच्या हाती रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा होता. चित्ता पारध्याच्या हाती तो नव्हता. रात्री एका कांबळ्यात झोपलेले जनावर सकाळी पळीकडे तोंड फिरवते, एवढ्यावरून त्याला जे कळायचे ते कळे.